चार जीबी बसवली, मग सव्वातीनच का दिसते?

आज जुन्या पीसीबद्दल बोलू. तुमच्या फोनमध्ये सहा-आठ जीबी रॅम सहज असते. पण घरातल्या ३२-बिट विंडोजवाल्या कॉम्प्युटरमध्ये चार जीबी रॅम बसवली, तरी वापरायला बऱ्याचदा सव्वातीनच्या आसपास मिळते. लगेच वाटतं, दुकानदाराने गंडवलं! बहुतेक वेळा त्याचा काही दोष नसतो.

होतं काय, तर रॅममधल्या प्रत्येक बाइटला पत्ता लागतो, घर नंबरसारखा. ३२-बिट पत्त्यात ३२ जागा, आणि प्रत्येक जागी शून्य किंवा एक. असे एकूण पत्ते होतात ४,२९,४९,६७,२९६. म्हणजे बरोबर चार जीबी.

पण हे सगळे पत्ते रॅमला मिळत नाहीत. ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, बायोस यांनाही त्याच यादीतून पत्ते द्यावे लागतात. ते जेवढे पत्ते अडवतात, तेवढी रॅम नुसती पडून राहते.

आता खरी गंमत. प्रोसेसरने ही भिंत १९९५ मध्येच ओलांडली होती. इंटेलच्या पेंटियम प्रोमध्ये पीएई नावाची सोय आली. पत्ता ३६ बिटचा झाला आणि मर्यादा गेली ६४ जीबीवर. विंडोज सर्व्हरच्या काही ३२-बिट आवृत्त्या तिचा फायदा घ्यायच्यासुद्धा. मग घरच्या एक्सपीला चारवरच का रोखलं? ड्रायव्हरमुळे! स्वस्तातल्या कार्डांचे बरेच ड्रायव्हर पत्ता ३२ बिटचाच असणार असं धरून लिहिलेले होते. मोठा पत्ता आला की ते वरचे बिट सोडून द्यायचे, डेटा भलत्याच जागी लिहायचे आणि मशीन कोसळायचं. त्यामुळे मायक्रोसॉफ्टने थोडी रॅम वाया जाऊ दिली, पण मशीन चालू राहील असं बघितलं.

म्हणून जुन्या पीसीत रॅम वाढवायला पैसे घालण्याआधी तीन गोष्टी बघा. एक, विंडोज ३२-बिट आहे की ६४? विंडोज सेव्हन किंवा टेनमध्ये हे ‘सिस्टिम टाइप’मध्ये दिसतं. दोन, प्रोसेसर ६४-बिट आहे का? तीन, मदरबोर्ड जास्तीत जास्त किती रॅम घेतो? प्रोसेसर चालत असेल तर आधी ६४-बिट सिस्टिम टाका. मात्र ३२ वरून ६४ वर थेट अपग्रेड होत नाही, सगळं नव्याने इन्स्टॉल करावं लागतं. त्यामुळे घरच्यांचे फोटो आधी दुसरीकडे कॉपी करा.

आणि विंडोज ३२-बिटच ठेवणार असाल, तर आठ जीबीचे पैसे खिशातच राहू द्या. भेटू पुढच्या भागात!