ट्रान्झिस्टर बदलला आणि आवाज फाटला

मी बोलतोय पळसदेवहून, उजनीच्या काठावरून. आज गोष्ट एका रेझिस्टरची.

बारावीत होतो तेव्हा धाकट्या बहिणीला विज्ञान प्रदर्शनासाठी माइकचा ॲम्प्लिफायर करून दिला होता. ९ व्होल्टची बॅटरी, बीसी५४७बी ट्रान्झिस्टर, कलेक्टरला २.७ किलोओहम आणि बेसपासून थेट प्लसला १ मेगाओहम. स्पीकरला जोडला की आवाज एकदम स्वच्छ. आदल्या रात्री माझ्याच हातून ट्रान्झिस्टरचा पाय तुटला. त्याच नंबरचा दुसरा लावला, तर आवाज फाटला. बहीण रडकुंडीला आली.

वायरिंग तर बरोबर होतं. मग मीटर लावला. कलेक्टरवर आधी ४.५ व्होल्ट असायचे, आता जेमतेम ०.२!

हिशोब बघा. ९ मधून बेसचे ०.६ व्होल्ट वजा केले, भागिले १ मेगाओहम. बेसमध्ये साधारण ८.४ मायक्रोॲम्पिअर जातात. ट्रान्झिस्टर ते बीटा पटीने वाढवतो. बीटा २०० असेल तर कलेक्टरमध्ये १.६८ मिलिॲम्पिअर, म्हणजे व्होल्टेज बरोबर मधोमध. आवाजाच्या लाटेला वर आणि खाली, दोन्हीकडे जागा. पण 'बी' गटात बीटा २०० ते ४५० असा कितीही निघतो. ४०० निघाला की करंट दुप्पट मागितला जातो, व्होल्टेज तळाला टेकतं आणि लाट कापली जाते. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. तापल्यावर करंट आणखी वाढतो.

उपाय पाण्याच्या टाकीत सापडला. फ्लोट कसा, पाणी वर आलं की नळ आपोआप बंद करतो? तसंच करायचं. बेसचा रेझिस्टर प्लसवरून काढून कलेक्टरला जोडायचा आणि ४७० किलोओहमचा लावायचा. आता करंट वाढला की कलेक्टरचं व्होल्टेज उतरतं, त्यामुळे बेसला कमी मिळतं, आणि करंट आवरला जातो. यालाच निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. बीटा २०० ला ४.५ व्होल्ट, ४०० ला ३.१ च्या आसपास. दोन्हीत आवाज चालतो. ॲम्प्लिफिकेशन थोडं कमी होतं, पण तेवढं परवडतं.

त्या रात्री एकच टोक हलवलं आणि सकाळी माइक बोलला.

तेव्हा सर्किट बंद पडलं तर आधी माइक न लावता कलेक्टरचं व्होल्टेज मोजा. बॅटरीच्या निम्म्याजवळ नसेल, तर बेसच्या रेझिस्टरकडे बघा. भेटू पुढच्या भागात!