बसचा जिना आणि हृदयाचे आरोग्य

लंडनच्या दुमजली बसमध्ये चालक दिवसभर बसून असे. वाहक तिकिटांसाठी ५०० हून अधिक पायऱ्या चढे. वाहकांना हृदयविकार कमी, आणि झालाच तर उशिरा होतो, असे डॉ. जेरेमी मॉरिस व सहकाऱ्यांनी १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये दाखविले. चालकाच्या मनावरील ताणच याला कारण असेल, ही शंका रास्तच होती. परंतु टपाल खात्यातही बैठ्या कारकुनांपेक्षा पायपीट करणारे पोस्टमन सुरक्षित आढळले; तेथे रहदारीचा ताण नव्हता. तथापि १९५६ मध्ये गणवेशांची मापे तपासता चालकांच्या विजारी तरुण वयापासूनच रुंद निघाल्या! तेव्हा सारे श्रेय जिन्याला देता येईना. मग मॉरिस यांनी ब्रिटिश शासनाच्या बैठ्या अधिकाऱ्यांकडे लक्ष वळविले. त्यांपैकी फावल्या वेळी जोमदार व्यायाम करणाऱ्यांना हृदयविकार पुष्कळ कमी होतो, असे १९७३ साली प्रसिद्ध झाले.