‘वारे गेले’ म्हणजे नेमके काय?

(आरोग्य व अंगणवाडी कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षण शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी वैद्य नव्हे. शासनाची माहिती लोकांच्या भाषेत लोकांपर्यंत पोचविणे एवढेच माझे काम. तेव्हा रोगांविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही. रोगांच्या नावांविषयी मात्र दोन शब्द बोलावयाचे आहेत. आजचा विषय पुनर्वसनाचा आहे. हा शब्द उच्चारला की आपल्या राज्यात प्रथम आठवतात ती धरणाखाली गेलेली गावे. परंतु ज्याचा हात चालेनासा झाला, ज्याची वाचा गेली, त्यालाही आपल्याच घरात, आपल्याच देहात पुन्हा वस्ती करावयाची असते. या कामी पहिली अडचण पुष्कळदा शब्दांचीच येते.

सकाळी उठलेल्या माणसाचा एक हात उचलेना, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळू लागले, म्हणजे आपण म्हणतो, ‘अंगावरून वारे गेले’. या बोलीला हसण्याचे कारण नाही. आयुर्वेदाने हे विकार वातव्याधींत गणले. पक्षाघात, अर्दित, गृध्रसी, कंपवात ही नावे त्याच परंपरेतील आहेत. परंतु ‘वारे’ म्हटले की कारण बाहेरचे वाटते. मग दारे-खिडक्या लागतात, तेल तापते, कोणी अंगारा आणावयास निघतो. इकडे मेंदूतील रक्तवाहिनी गुठळीने तुंबलेली असते किंवा फुटलेली असते. गुठळी असेल तर ती विरघळविणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच द्यावे लागते. आणि वाहिनी तुंबली आहे की फुटली आहे, हे सी.टी. स्कॅन केल्याखेरीज कळत नाही. म्हणून वारे गेले म्हणावयास हरकत नाही, पण त्याच वाक्यात १०८ क्रमांकाचे नाव यावे.

याहून अवघड गुंता आपल्या छापील मराठीने निर्माण केला आहे. वृत्तपत्रे या झटक्याला ‘मेंदूचा पक्षाघात’ म्हणतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. १९९५ च्या कायद्यात ते सातच होते. या २१ प्रकारांच्या मराठी यादीतही ‘मेंदूचा पक्षाघात’ आढळतो, पण तेथे त्याचा अर्थ सेरेब्रल पाल्सी असा आहे. जन्मापूर्वी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच मेंदूला इजा होऊन बालकाच्या हालचालींत व स्नायूंच्या मेळात कायमचा दोष राहतो, ती ही अवस्था. मेंदूची ती इजा वाढत जाणारी नसते. साठीच्या शेतकऱ्याला आलेला झटका आणि दोन वर्षांची होऊनही मान न धरणारी मुलगी, या दोहोंना आपण एकच नाव दिले! मुलीच्या आईला वाटते, म्हाताऱ्यांचा आजार हिला कसा झाला? आणि शेतकऱ्याचा मुलगा अर्ज भरताना वडिलांसाठी नेमकी चुकीची ओळ निवडतो. झटक्यानंतर उरलेल्या अधूपणाचे मोजमाप चलनवलनविषयक दिव्यांगत्वाखाली व्हावयाचे असते. माझ्या मते येथे शुद्धतेचा आग्रह बाजूस ठेवावा. झटक्याला ‘स्ट्रोक’ आणि बालकाच्या अवस्थेला ‘सेरेब्रल पाल्सी’ असे सरळ म्हणावे, मराठी शब्द हवा तर जोडीस ठेवावा. ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ आला, त्याची चर्चा पुष्कळ झाली. त्या मानाने या एका जुळ्या नावाकडे कोणाचेच लक्ष गेलेले दिसत नाही.

काही ठिकाणी मात्र आपली बोली ग्रंथापेक्षा सरस आहे. ‘लुळा’ आणि ‘ताठर’ हे दोन शब्द पाहा. झटक्यानंतर प्रारंभी हात बहुधा लुळा असतो, पुढे अनेकांत तो ताठर होतो. लुळा हात धरून रुग्णाला उठविले तर खांद्याचा सांधा निखळू शकतो. ताठर हात जोराने ओढून सरळ करू गेल्यास इजा होते, आणि तसाच पडू दिल्यास सांधे आखडतात. भौतिकोपचारतज्ज्ञ प्रथम हाच भेद पाहतो. दुसरे असे की, १५ वर्षांखालील मुलात अचानक आलेला लुळेपणा दिसला तर तो लगेच कळवावयाचा असतो. भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त घोषित झाला, तरी ही पाळत थांबलेली नाही.

‘बधिर’ हा शब्द दोन कामे करतो. कानाने बधिर तो कर्णबधिर; त्याला सर्रास ‘मूकबधिर’ म्हटले जाते. वास्तविक अशा बहुतेक मुलांचा कंठ शाबूत असतो. ऐकू येत नाही म्हणून बोलणे येत नाही. ‘मूक’ हा शिक्का बसला की श्रवणयंत्राची व भाषेची पहिली मोलाची वर्षे वाया जातात. त्वचेची बधिरता निराळी. न खाजणारा, न दुखणारा फिकट किंवा लालसर चट्टा दुखत नाही म्हणूनच लपून राहतो. कुष्ठरोगावर १९८० नंतरच्या दशकात बहुविध औषधोपचार आला. सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो, पण गेलेली संवेदना परत येईलच असे नाही. मधुमेह्याच्या पावलाचेही तेच. मुंग्या येत होत्या, त्या थांबल्या, म्हणून घरचे निश्चिंत होतात. पाय बधिर झाल्यानेही त्या थांबलेल्या असू शकतात.

कंपवाताविषयी थोडक्यात सांगतो. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये वर्णन केलेला हा विकार २१ प्रकारांत आहे. नावात कंप असला तरी काही रुग्णांना कंप नसतोच. हालचाल मंदावते, अंग ताठते, अक्षर बारीक होत जाते. उलट हात थरथरणारा प्रत्येक जण कंपवाताचा रुग्ण नसतो.

वाचाघाताविषयी मात्र विस्ताराने बोलले पाहिजे. १८६१ मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका यांनी दाखविले की, मेंदूच्या डाव्या बाजूच्या पुढील एका भागास इजा झाली तर माणसाचे बोलणे जाते. त्यांचा एक रुग्ण एकच अक्षर पुन्हापुन्हा उच्चारी, तरी त्याला सांगितलेले बरेचसे कळत असे. आपल्याकडे अशा माणसाला ‘भ्रम झाला’, ‘डोके फिरले’ म्हणतात, आणि त्याच्यादेखत जमिनीच्या वाटणीची बोलणी करतात. त्याच्या डोळ्यांत पाणी आले, तर तेही रोगाचेच लक्षण समजतात! सर्वच रुग्णांना समजते असे नाही. वाचाघाताचे प्रकार आहेत, आणि ते वाचाोपचारतज्ज्ञाने तपासावयाचे. पण तपासणीपूर्वी त्याला समजत नाही असे आपण धरून चालू नये. छोटी वाक्ये, ‘हो-नाही’ची खूण आणि उत्तरासाठी दिलेला वेळ एवढे घरच्यांना शिकविता येते.

आता आपल्या कामाचे. रुग्णाला पुढे पाठविताना चिठ्ठीत ‘वारे गेले’ एवढेच लिहू नये. शेवटचा धडधाकट कोणी व केव्हा पाहिला ती वेळ, उजवी की डावी बाजू, हात लुळा की ताठर, स्पर्श कळतो की नाही, बोलता येत नाही की बोललेले समजत नाही, आणि घोट गिळताना ठसका लागतो काय, एवढे लिहावे. ठसका लागत असेल तर रुग्णालयात पोचेपर्यंत तोंडात पाणीही घालू नये.