ताईंनो, स्वतःचे तळवे शेवटचे कधी पाहिलेत?

साखरेचा आजार असलेल्यांनी पाय कसे जपायचे, याचं एक कार्ड आम्ही करतोय. त्याची ही गोष्ट.

पहिलं कार्ड फसलं. त्यावर लिहिलं होतं, 'मधुमेही रुग्णांनी पादत्राणांचा नियमित वापर करावा.' निफाड तालुक्यातल्या एका बचत गटात वाचून दाखवलं. एक मावशी म्हणाल्या, "चपला आहेत की माझ्याकडं. दाराबाहेर असतात." म्हणजे घरात, अंगणात, गोठ्यात अनवाणीच. नवरात्रात तर नऊ दिवस चप्पल नाही, आणि त्यातच वणीच्या गडाची वाट. लिहिणाऱ्याच्या हे ध्यानातच आलं नव्हतं.

याच मावशींच्या चपलेत द्राक्षबागेतला तारेचा तुकडा दिवसभर टोचत होता. संध्याकाळी रक्त दिसलं तेव्हा कळलं. साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. दुखत नाही म्हणजे बरं आहे, असं आपण धरून चालतो. इथं ते उलटं आहे. त्यात पायाला रक्त कमी पोचत असेल तर जखम भरत नाही, पू होतो, बोट काढावं लागतं, कधी पायसुद्धा.

नागपूरचे डॉ. शरद पेंडसे आणि टांझानियाचे डॉ. झुल्फिकारअली अब्बास यांच्या 'स्टेप बाय स्टेप' कार्यक्रमात डॉक्टर आणि नर्स अशी जोडी शिकवली जायची. मला हे फार पटतं. पाय हातात घेऊन बोलायला वेळ काढते ती नर्सच.

दुसरं कार्ड आम्ही गटातच बसून केलं. शब्द थोडे, चित्रं जास्त. जमिनीवर आरसा ठेवून तळवा बघणारी बाई. आरशात नीट दिसत नसेल तर नातीला दाखवायचं. चप्पल घालण्याआधी झटकायची, आत हात फिरवायचा. पाणी किती गरम आहे ते पायानं नाही, कोपरानं बघायचं. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायच्या. सुजलेल्या बोटात रुतलेली जोडवी काढून ठेवायची. (यावर बरीच कुजबुज झाली. शेवटी सासूबाईंनीच होकार दिला.)

सगळ्यात मोठी फुली मारली ती बिब्ब्यावर. भेगांना, कुरुपाला बिब्बा किंवा रुईचा चीक लावायची आपली जुनी सवय. बधिर पायाला भाजलेलं कळत नाही आणि तिथंच जखम होते. गरम विटेचा शेक नको, ब्लेडनं कुरूप कापणंही नको.

गडाचं चित्र कसं काढायचं, यावर अडलो होतो. देवीला मध्ये आणायची आमची हिंमत नव्हती. त्याच मावशींनी तोडगा दिला: बाई चप्पल घालून वाट चालतेय, चप्पल काढतेय ती देवळाच्या दाराशी. तेच चित्र ठेवलं.

फोड, काळा डाग, लाली, सूज, वास, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. कार्डाच्या खाली मोकळी चौकट आहे. तिथं आपल्या उपकेंद्रातल्या सिस्टरचा नंबर लिहून घ्या. आणि तुमच्या गावात भेगांना आणखी काय काय लावतात, ते आम्हाला कळवा. कार्ड अजून छापायचं आहे.