देवदार आणि ऊद



शलमोनाच्या मंदिरास लबानोनचे गंधसरू लागले. हिमालयातील देवदार हा त्याच जातकुळीचा. सुमारे ५,००० ते १०,००० फुटांवर वाढणारा व कधी दीडशे फूट उंची गाठणारा. आपल्या विदर्भातील ऊद, म्हणजे पाणमांजर, त्याच्यापुढे केवढासा! एक जन्मभर जागा सोडीत नाही. दुसरा कुटुंबासह मासे धरीत काठाकाठाने हिंडतो. परंतु एका गोष्टीत दोघे सारखेच आहेत. उतारावरील माती सुटली की देवदार कोसळतो. नदीचा काठ उकरला की उदाचे बीळ मोडते. हिमालय आपल्यापासून दूर आहे. वैनगंगेचा काठ मात्र आपल्या हाती आहे. वाळू उपसणाऱ्या हातांनी उदाचे घर राखावे, एवढीच विनंती.