केसाला कोण सांगतं, आता वाढ म्हणून?



अकीक्याला बाळाचं डोकं भादरलं की एखादी खाला हमखास म्हणते, "आता बघा, कसे दाट केस येतात!" अकीका आपल्या जागी, पण दाट केसांचा हिशेब वेगळा. वस्तरा फिरतो तो केसाच्या निर्जीव भागावर. वाढायचं की थांबायचं हे कातडीच्या आत, मुळाशी ठरतं. तिथवर वस्तऱ्याची खबर पोचतच नाही.

मुळाशी पेशी एकमेकींना रासायनिक निरोप धाडत असतात. मी सॉफ्टवेअरवाला, मला ते मेसेजिंगच वाटतं. 'बीएमपी' नावाचा निरोप म्हणतो थांब, 'विंट' म्हणतो ऊठ. विंट वरचढ झाला की झोपलेल्या मूळपेशी जाग्या होतात आणि डोक्यावरचा केस २ ते ६ वर्षं वाढतो. मग 'एफजीएफ-५' सांगतो, बस्स. दोन-तीन आठवड्यांत मूळ आक्रसतं, साधारण तीन महिने विश्रांती घेतं आणि जुना केस गळून नवा येतो. पर्शियन मांजर पाहिलंय ना? त्याचं एफजीएफ-५चं जनुक बिघडलेलं असतं, म्हणून ते एवढं झुबकेदार.

आता ही तीन महिन्यांची गोष्ट नीट लक्षात घ्या. टायफॉइड किंवा बाळंतपणानंतर पुष्कळ केस एकदम विश्रांतीला जातात आणि गळतात मात्र दोन-तीन महिन्यांनी. तोवर आजार विसरलेला असतो. मग आळ येतो समोर दिसेल त्यावर: शाम्पूवर, बोअरच्या पाण्यावर, सुनेच्या स्कार्फवर. कापडाने केस गळत नाहीत. हां, स्कार्फखाली रोज करकचून बांधलेला अंबाडा वर्षानुवर्षं मूळ ओढतो, तो सैल करा. बाळंतिणीचे केस बहुधा वर्षभरात आपोआप भरून येतात. महागड्या तेलाची गरज नाही.

चाईचं दुखणं निराळं. डोक्यावर गोल चट्टा पडतो. किडा चावलेला नसतो, नजरही लागलेली नसते. आपल्याच प्रतिकारशक्तीच्या पेशी केसाच्या मुळावर चालून जातात. त्यांचा निरोप ज्या 'जॅक' प्रथिनांमार्फत जातो, ती अडवणाऱ्या बॅरिसिटिनिब या गोळीला २०२२ साली अमेरिकेत गंभीर चाईसाठी मान्यता मिळाली. तिचे धोकेही आहेत, त्वचारोगतज्ज्ञाशिवाय घ्यायची नाही. चाई एकाची दुसऱ्याला लागत नाही. तरी आपल्याकडे रिश्ता मोडेल या भीतीने मुलीचा चट्टा लपवतात, तिला दवाखान्याऐवजी फुंकर मारून घ्यायला नेतात आणि उपचाराचे महिने वाया जातात. तुमच्या मोहल्ल्यात अशी मुलगी असेल तर तिच्या अम्मीशी याच आठवड्यात बोला.

पुरुषांच्या टकलाचं राहिलं. ते प्रश्नोत्तरांत घेऊ, मागच्या रांगेत हात आत्ताच वर झालेत.