दोन कपाटांमधले अंतर



आपल्या अधिवेशनांत ‘अनुदान’ हा शब्द उच्चारला की पाठोपाठ ‘वाढ’ हा शब्द येतोच. ती मागणी रास्त आहे आणि ती सोडा असे मी सांगणार नाही. पण अनुदान किती मिळते याची चर्चा आपण पुष्कळ केली; ते नेमके कशासाठी मिळते याची फारशी केली नाही. आज त्यावर बोलावे असे मनात आहे. माझे म्हणणे एवढेच, की महाराष्ट्र शासन ग्रंथालयांना पैसे देते, पण ग्रंथालयांच्या आपसांतल्या व्यवहाराला देत नाही. पैसा प्रत्येक संस्थेच्या उंबऱ्यापर्यंत येतो आणि तिथेच राहतो. एका उंबऱ्यापासून दुसऱ्या उंबऱ्यापर्यंतची जी वाट आहे, म्हणजे सामाईक सूची, पुस्तकांची ने-आण, एकत्र खरेदी, जुन्या अंकांचे जतन, तिचा वाली कोणी नाही. अनुदानात या वाटेचा वेगळा हिस्सा बांधून ठेवला नाही, तर उद्या रक्कम दुप्पट झाली तरी वाचकाच्या पदरात दुप्पट पडणार नाही.

हे असे का झाले, याचे उत्तर आपल्या कायद्याच्या घडणीत आहे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने राज्य, विभाग आणि जिल्हा अशी ग्रंथालयांची उतरंड कल्पिली. मद्रासने १९४८ साली आणि कर्नाटकाने १९६५ साली घरपट्टीसारख्या करांवर ग्रंथालय उपकर बसवला. आपण तो मार्ग टाळला आणि लोकांनी उभारलेल्या संस्थांना सरकारी मदत देण्याची वाट धरली. त्यात शहाणपण होते. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. असा वारसा असताना सरकारी ग्रंथालयांचे नवे जाळे विणण्यापेक्षा असलेल्यांना हात देणे स्वाभाविकच होते. पण मदतीची मोजपट्टी ठरली ती सुट्या संस्थेची. अ, ब, क, ड हे वर्ग ठरतात ते तुमच्या कपाटात किती ग्रंथ, तुमच्या वहीत किती सभासद, तुमच्या टेबलावर किती नियतकालिके यांवर. शेजारच्या गावच्या वाचकाला तुम्ही वर्षभरात किती पुस्तके पुरवलीत, हा रकाना त्या तपासणीत नाही. जे मोजले जात नाही त्यासाठी कोणी धडपडत नाही, यात संस्थांना दोष देता येणार नाही.

या मोजपट्टीचा परिणाम ड वर्गात उघडा पडतो. २०२२ च्या अखेरीस शासनाने अनुदानात ६० टक्के वाढ केली आणि ड वर्गाचे वार्षिक ३० हजार रुपये ४८ हजार झाले. यातली निम्मी रक्कम वेतनाची. म्हणजे ग्रंथपालाच्या हाती महिन्याला दोन हजार. त्यावर भाष्य करायलाही संकोच वाटतो. उरलेल्या २४ हजारांत जागेचे भाडे, वीजबिल, वर्तमानपत्रे, किरकोळ खर्च आणि मग पुस्तके. एवढ्या पैशात शहाणा ग्रंथपाल तेच घेणार जे हमखास वाचले जाईल: गाजलेली कादंबरी, एखादे अनुवादित चरित्र, स्पर्धा परीक्षेचे मार्गदर्शक. त्याचा निर्णय अगदी बरोबर असतो. शेजारच्या गावातल्या ग्रंथपालाचाही बरोबर असतो. पण असे दहा बरोबर निर्णय एका तालुक्यात एकत्र आले की त्याच तीस-चाळीस पुस्तकांच्या दहा-दहा प्रती जमतात, आणि एखाद्या मुलीला बोलीभाषांवरचा ग्रंथ किंवा डाळिंबाच्या रोगांवरचे पुस्तक हवे असेल तर ते दहातल्या एकाही ठिकाणी नसते. अनुदान वाढले की दहाच्या बारा प्रती होतील. यालाच मी अनुदानाची कोंडी म्हणतो.

ही कोंडी फोडण्याची युक्ती परदेशातून आणायला नको. ती शंभर वर्षांपूर्वी मराठी माणसांच्या राबत्यातल्या एका संस्थानात अमलात होती. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बडोद्यास बोलावले. तिथल्या योजनेत गावाने वर्गणी जमवायची आणि तेवढीच भर प्रांत पंचायतीने आणि सरकारने घालायची असे सूत्र होते. इथपर्यंत ते आपल्या सहायक अनुदानाचेच भावंड. पण बडोद्याने त्याच्या जोडीला फिरत्या वाचनालयांचा विभाग काढला. लाकडी पेट्यांत पुस्तके भरून त्या गावोगाव धाडल्या जात, काही काळाने परत येत आणि दुसऱ्या गावी जात. ने-आणीचा खर्च संस्थान सोसत असे. गावाचे स्वतःचे कपाट लहानच राहिले, पण गावाची पोच मोठी झाली. पुढे संचालकपदावर आलेल्या जनार्दन सखाराम कुडाळकरांनी १९१९ साली या चळवळीवर पुस्तक लिहिले. ते आपल्या अनुदान नियमांच्या शेजारी ठेवून वाचावे, म्हणजे बडोद्याचा अर्धा धडा आपण गिरवला आणि अर्धा पुसला हे ध्यानात येईल.

सामाईक कामाला पैसा नसला की ते कोणा एकट्याच्या खांद्यावर पडते. १८०० पासूनच्या मराठी ग्रंथांची सूची शंकर गणेश दाते यांनी केली; पहिला खंड १९३७ पर्यंतचा, दुसरा १९५० पर्यंतचा. त्या सूचीशिवाय आज मराठीत संशोधनाचे पान हलत नाही. परंतु अमुक पुस्तक राज्यातल्या कोणकोणत्या सार्वजनिक ग्रंथालयांत आहे हे एका जागी पाहण्याची सोय संगणक येऊन इतकी वर्षे झाली तरी आपण केलेली नाही. कोहा ही फुकट मिळणारी प्रणाली आहे, एनआयसीची ई-ग्रंथालय आहे. अडते ते दाखल नोंदवह्या संगणकावर चढवणाऱ्या माणसांच्या मजुरीपाशी, आणि ही मजुरी कोणत्याही एका ग्रंथालयाच्या अनुदानात बसत नाही. विद्यापीठांचे पाहा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटने त्यांच्या संयुक्त तालिका कधीच उभ्या केल्या. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजनेला तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये मंजूर केले: तीस प्रकाशकांची जवळपास तेरा हजार नियतकालिके, सहा हजारांहून अधिक उच्च शिक्षणसंस्थांसाठी एकाच करारात. प्रत्येकाने वेगळी वर्गणी भरणे हा अपव्यय आहे, हे तत्त्व शासनाने तिथे मान्य केले. प्राध्यापकासाठी जे खरे, ते तालुक्याच्या वाचकासाठी खोटे कसे?

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप कर्मचाऱ्यांचा आहे: पोटाला पुरेसे वेतन नाही आणि तुम्ही सूचीच्या गोष्टी काय करता? त्यांना मी सांगेन की सध्याच्या रकमेतून छदाम काढू नये. पुढची जी वाढ होईल तिच्यातला हिस्सा बांधावा आणि तोही संस्थांच्या नावे न देता विभागीय पातळीवर खर्च व्हावा. रक्कम तरी किती लागेल? टपाल खात्याने १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केली. पाच किलोच्या गठ्ठ्याला कर वगळता शंभर रुपये. ग्रंथालयांच्या आपसांतल्या देवघेवीच्या ग्रंथांना ती सवलत मिळवून घेतली, तर दरमहा एक गठ्ठा आला आणि एक परत गेला तरी वर्षाचे २४०० रुपये होतात. ड वर्गाच्या ४८ हजारांशी ताडून पाहा, हे बरोबर पाच टक्के भरतात. शंभरातल्या पाच रुपयांत गावाच्या ग्रंथालयाला दर महिन्याला पाच किलो नवी पुस्तके, आणि ती विकत घ्यावी लागत नाहीत! शिवाय नोंदी चढवण्याचे आणि गठ्ठे बांधण्याचे काम निघाले की त्याची मजुरी ग्रंथालय कर्मचाऱ्यांनाच मिळावी, ही अट योजनेतच घालता येते.

दुसरा आक्षेप मोठ्या ग्रंथालयांचा: आमची पुस्तके बाहेर गेली की परत येणार नाहीत. ही भीती पोकळ नाही. दुर्मीळ ग्रंथ आणि जुन्या नियतकालिकांच्या फायली हलवूच नयेत. त्यांच्या स्कॅन प्रती मिळाव्यात आणि स्कॅनिंगचा खर्च सामाईक निधीने द्यावा. बाकीच्या पुस्तकांत काही हरवतील, त्यांची भरपाई निधीतून व्हावी. पण कपाटात सुरक्षित राहून वर्षानुवर्षे कोणी न उघडलेले पुस्तक हरवलेलेच असते, फक्त ते लेखापरीक्षणात दिसत नाही. छोट्या संस्थांची तक्रार याच्या उलट, की असा निधी जिल्ह्याच्या ठिकाणचे चार दांडगे गिळतील. त्यावर उपाय मोजपट्टीतच आहे: देणाऱ्या ग्रंथालयाला पैसे द्यायचे ते पुरवलेल्या पुस्तकांच्या संख्येवर, साठ्याच्या आकारावर नव्हे.

तिसरा आक्षेप दूरचा, पण मला सर्वांत जास्त विचारात पाडणारा. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने राज्यांना लोकसंख्येच्या प्रमाणात ग्रंथालय अनुदान मिळते आणि प्रत्येक राज्य त्यात आपला ३४ टक्के वाटा घालते. त्यातून राज्यभरच्या आंतरग्रंथालयीन देवघेवी आणि ई-पुस्तकांच्या सामाईक वर्गण्या चालतात. मार्च २०२५ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी हे अनुदान वाटणारी संस्थाच गुंडाळण्याचा आदेश काढला आणि थोड्याच दिवसांत साउथ डकोटात देवघेव थांबली, मिसिसिपीत ई-पुस्तकांची सेवा स्थगित झाली. राज्ये न्यायालयात गेली, तो भाग वेगळा. एका नळावर सगळे गाव अवलंबले की नळ बंद करणे सोपे जाते, हे मान्य करायलाच हवे. पण त्या घटनेत आणखी एक गोष्ट दिसली. ओरड झाली ती विशेषतः ग्रामीण राज्यांतून. मोठ्या शहरांची ग्रंथालये आपल्या पैशावर तगून होती. सामाईक सेवेचा खरा गरजू कोण, हे ती तुटल्यावर कळले. म्हणून आपल्याकडे हा हिस्सा वार्षिक आदेशाच्या भरवशावर न सोडता १९७० च्या अनुदान नियमांत दुरुस्ती करून घालावा. काही मित्र उपकर हाच रामबाण मानतात. त्यांनी बंगळुरूकडे पाहावे, तिथे महापालिकेने गोळा केलेला उपकर ग्रंथालय खात्याकडे वेळेवर पोहोचत नाही ही तक्रार जुनी आहे.

मोबाइलच्या काळात पेट्या-गठ्ठे कशाला, या प्रश्नावर फार वेळ दवडत नाही. बहुसंख्य मराठी पुस्तके अजून कागदावरच आहेत, आणि ज्यांची ई-आवृत्ती आहे त्यांचा परवानाही एकट्या ड वर्गाला परवडणारा नाही. तोही सामाईकच घ्यावा लागेल.

सुरुवात साऱ्या राज्यात एकदम करू नये. अमरावती विभाग घ्या: पाच जिल्हे, एक शासकीय विभागीय ग्रंथालय, मेळघाटापासून वऱ्हाडाच्या सपाटीपर्यंत सगळ्या तऱ्हेची गावे. तीन वर्षे तिथे चालवून पाहावे. पण शासनाकडे जाताना हातात पुरावा हवा, आणि तो आज आपल्यापाशी नाही, कारण आपण देवघेव नोंदवतो, नकार नोंदवत नाही. वाचक एखादे पुस्तक मागतो, आपण ‘नाही’ म्हणतो आणि तो निघून जातो. त्या मागणीची कुठे रेघही उमटत नाही. म्हणून आज या मंडपात बसलेल्या प्रत्येक ग्रंथालयाला माझी विनंती आहे, की येत्या १ एप्रिलपासून देवघेवीच्या टेबलावर आणखी एक वही ठेवावी. तिच्यात तारीख, मागितलेले पुस्तक आणि विषय एवढेच लिहावे, आणि पुढच्या अधिवेशनाला येताना ती वही सोबत आणावी.